पहिली उचल

नागतळे तालमीनं हरायचा ठराव केला तो मारुतीच्या पाठीमागं.

तालमीच्या मोठ्या खोलीत मारुतीची मूर्ती आहे, आणि तिच्यासमोर उभं राहून ‘येत्या रविवारी आपला संघ जिंकू नये असे ही सभा ठरवते’ हे वाक्य म्हणायला कुणी तयार होईना. सूचक मिळाला तर अनुमोदक कच खायचा. शेवटी अध्यक्ष आबा मंडलिकांनी सभा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. तिथं ठराव एकमतानं मंजूर झाला. मग सगळे पुढं येऊन मारुतीच्या पाया पडले. कुणी काय मागितलं हे कुणी कुणाला विचारलं नाही.

मुलींच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक दिग्विजय सरनोबत एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. दिवसा तो उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, संध्याकाळी प्रशिक्षक. ज्याचं नाव दिग्विजय त्यानं तळाच्या संघाला शिकवावं, यावर कोल्हापुरात करण्यासारखे सगळे विनोद कधीच करून संपले होते.

“दिगू, तुझं काय म्हणणं हाय?” आबांनी विचारलं.

“माझं काय असणार आबा? पोरगी माझीच हाय.”

सभा हळहळली. कारण प्रश्न त्याच्या पोरीचाच होता.

पूर्वी कोल्हापुरात हिशेब साधा होता. ज्या पेठेत जन्मलात त्या पेठेच्या तालमीकडून चेंडूला लाथा मारायच्या. पुढं पुरुषांचा फुटबॉल टीव्हीवरच्या परदेशी संघांनी खाल्ला. मुलींचा मात्र पेठांनी सांभाळला, आणि गॅलरी पुन्हा भरायला लागली. गॅलरी भरल्यावर पैसा आला, पैसेवाल्या पेठा बाहेरून खेळाडू आणू लागल्या, आणि गरीब पेठा कायमच्या मार खाऊ लागल्या. तेव्हा लीगनं समतोल आणायचं ठरवलं. अठरा वर्षांच्या सगळ्या मुली एका यादीत घालायच्या आणि संघांनी त्यातून आळीपाळीनं निवडायच्या. जो संघ शेवटचा, त्याला निवडायचा मान पहिला. लीगच्या पत्रकात त्याला ‘प्रथम निवडाधिकार’ असा शब्द होता. लोकांनी त्याला ‘पहिली उचल’ म्हणायला सुरुवात केली. साखर कारखाना उसाचा पहिला हप्ता देतो त्याचंही नाव तेच, त्यामुळं ऊसवाल्या जिल्ह्यात दुसरा शब्द सुचणं अवघडच होतं.

इथवर सगळं ठीक चाललं असतं. पण त्याच सुमारास, वीसेक वर्षांपूर्वी, मशीन आलं.

मशीनचं नाव ‘क्षमता-क्षितिज प्रणाली’. पेठेत तिला ‘पत्रिका’ म्हणत. मुलगी अकरा वर्षांची झाली की तिच्या बुटाच्या तळव्यात नाण्याएवढी चकती बसवत. धावताना टाचेमागची कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि सुटताना थोडी शक्ती परत देते. किती परत देते आणि वाढत्या वयाबरोबर ते कसं बदलतं, हे चकती मोजायची. मैदानाभोवतीचे कॅमेरे मान आणि डोळे बघायचे. बरा खेळाडू चेंडू बघतो. मोठा खेळाडू चेंडू येण्याआधीच रिकामी जागा बघून ठेवतो, आणि ही सवय बाराव्या-तेराव्या वर्षीच दिसते. हे सगळं आधीच्या हजारो मुलींच्या वाढीशी ताडून मशीन सांगायचं की ही मुलगी कुठल्या वयात कुठवर जाईल. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी गप्प झाले. आता मशीन चुकलं तर पेपरात बातमी येत असे.

आणि यंदाच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं शरयू दिग्विजय सरनोबत. मशीनच्या मते अशी खेळाडू जिल्ह्यात आजवर झाली नव्हती.

नागतळे शेवटच्या स्थानावर होतं. त्याच्या एकच गुण वर तोफखाना. शेवटचा सामना दोघांचाच. नागतळे हरलं किंवा बरोबरी झाली, तर नागतळे शेवटी राहणार आणि शरयू घरच्या संघात येणार. नागतळे जिंकलं, तर तोफखाना शेवटी जाणार आणि शरयू तोफखान्याची होणार. पाच हंगाम. राहायचं त्यांच्या पेठेच्या वसतिगृहात. शिवाय नियम असा की प्रशिक्षकाचं रक्ताचं माणूस विरोधी संघात असेल, तर हंगाम सुरू असेपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. डावपेच फुटतात म्हणून. हंगाम आठ महिन्यांचा.

नागतळे आणि तोफखाना यांच्यामध्ये एक रस्ता आहे. दुभाजकासकट मोजला तरी शंभर फूट भरणार नाही. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात दुःख कुठं आहे ते समजणार नाही. त्याला समजावण्यात अर्थ नाही.

*

“मग झाला ठराव?” घरी मंजिरीनं विचारलं. दिग्विजयची बायको ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे आणि घरातल्या माणसांकडेही थोडी नमुन्यासारखी बघत असे.

“झाला. एकमतानं.”

“तोफखान्याशी मागे कधी जिंकला होतात तुम्ही?”

“तुला म्हाईत हाय.”

तिला माहीत होतं. एकवीस वर्षांपूर्वी. तो सामना अख्ख्या पेठेला पाठ होता. शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू, गोलकीपरचा घसरलेला पाय, पोस्टाला लागून आत. चहाच्या गाड्यावर तो रोज एकदा तरी खेळला जाई. दिग्विजय त्या दिवशी गारगोटीला मुलगी बघायला गेला होता. ती मुलगी म्हणजे मंजिरी.

“त्यानंतरचा एकही सामना कुणी सांगत नाही, बघितलंस?” ती म्हणाली. “मागच्या वर्षी तुम्ही जुन्या पेठेला हरवलंत. कितीनं?”

दिग्विजयनं आठवून बघितलं. आठवेना. प्रशिक्षक तोच होता.

“मेंदू सारखा पुढचा अंदाज बांधत असतो,” मंजिरी वर्गात सांगावं तसं सांगू लागली. “अंदाज बरोबर आला की नोंद कशाला करायची? चुकला, की डोपामिनची लाट येते आणि तो क्षण आजूबाजूच्या सगळ्या बारकाव्यांसकट पक्का बसतो. पुढच्या वेळी चुकू नये म्हणून केलेली सोय आहे ती. तुमचं मशीन सामना सुरू व्हायच्या आधीच निकाल फळ्यावर लावतं, आणि तो बहुतेक बरोबर येतो. मग लोकांच्या डोक्यात काय राहणार? तुमच्या पेठेची आठवण मशीन आलं त्या वर्षी थांबलीय.”

“आपलं बघणं-दाखवणं मला आठवतंय की.”

“आठवणारच. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, फुटबॉलवाला नको.”

*

दुसऱ्या दिवशी सरावाहून येताना शरयू गाडीवर मागं बसली होती. कोल्हापुरात मुली ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात आणि शरयू तर अस्सल नागतळ्याची.

“पप्पा, रविवारी हरणार म्हणं आपण.”

“तुला कुणी सांगितलं?”

“मारुती सोडून सगळ्यांना म्हाईत हाय.”

दिग्विजयनं सिग्नलला गाडी थांबवली. “तुझ्यासाठीच चाललंय हे. पुढच्या वर्षापासनं आपली जर्सी घालशील. मग बघ, तोफखान्याला धुऊन काढू.”

“काढू की. पत्रिकेत लिवलंयच तसं.” ती पुढं वाकली. “मी आपल्याला तोफखान्यासंगं जिंकताना एकदा तरी बघितलंय काय?”

“न्हाई.”

“तीन वर्षांचा असल्यापासनं गॅलरीत बसतोय मी. दर टायमाला रडत घरी.”

“मग पुढं जिंकूच की आपण. तू खेळणार, तू गोल मारणार.”

“पप्पा, मैदानातनं गोल दिसत न्हाई. पाय दिसत्यात नुसते. आणि आपण जिंकणार हे आधीच म्हाईत असणार. मला गॅलरीतनं बघायचंय. म्हाईत नसताना. एकदाच. घसा फुटोस्तोवर वरडायचंय.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

“आणि त्यानंतर मग तोफखान्यात जाशील?” दिग्विजयनं विचारलं.

“जाईन.”

“आठ-आठ महिने बोलता यायचं न्हाई.”

पाठीवर तिचं कपाळ टेकल्याचं त्याला जाणवलं. रिक्षावाला शिव्या देऊन बाजूनं निघून गेला.

*

मुद्दाम हरणं सोपं नव्हतं. कुणी आपल्या कुवतीपेक्षा हळू धावलं तर चकती सांगायची, कुणी दिसत असलेला पास टाळला तर कॅमेरा सांगायचा, आणि त्या संघाची उचल रद्द व्हायची. मैदानावरच्या अकरा जणींना जीव तोडून खेळणं भाग होतं. फक्त त्या अकरा कोण, हे ठरवायची मोकळीक प्रशिक्षकाला होती. लीगच्या घटनेनं शहाणपणाची सक्ती केलेली नव्हती.

दिग्विजयनं राखीव बाकावर झिजलेल्या सगळ्या निवडल्या. त्यात रुक्साना मुजावर होती. वय चौतीस, पेठेतल्या बेकरीची मालकीण, एकेकाळी डाव्या बगलेवरची वीज. दोन वर्षांपूर्वी मशीननं तिचं क्षितिज शून्य दाखवलं होतं, आणि तेव्हापासून ती बाकावर बसून इतरांना खारी वाटत असे.

“मला घेतलंस म्हणजे हरायचं पक्कं हाय वाटतं,” ती बुटाची नाडी बांधत म्हणाली.

“तू खरं खेळायचंस हां रुक्साना. न्हाईतर कॅमेरा धरतोय.”

“म्हणजे खरं खेळलो तरी हरणारच.”

“मशीन म्हणतंय तसं.”

“मशीननं माझी खारी खाल्लीया काय कधी?” ती उठून उभी राहिली. गुडघ्यातून आवाज आला, तो दोघांनी ऐकला नाही असं दाखवलं.

रविवारी दुपारी गॅलरी भरली. तोफखान्याचा संघ मैदानात आला तेव्हा दिग्विजयनं कपाळाला हात लावला. त्यांनीही तेच केलं होतं. त्यांच्या गोलात उभ्या असलेल्या मुलीला चेंडूची भीती वाटते, हे तिच्या आईनंच गॅलरीत जाहीर केलं.

आणि मग एक गोष्ट घडली जी ठरावात नव्हती. फळ्यावर निकालाचा अंदाज येईना. या बावीस जणींना कित्येक महिने कुणी खेळवलंच नव्हतं, त्यामुळं मशीनकडं त्यांची ताजी माहिती नव्हती. फळ्यावर नुसतं ‘अंदाज उपलब्ध नाही’ असं लुकलुकत राहिलं. लोक आधी वैतागले. मग हळूहळू पुढं सरकून बसले. पुढं काय होणार हे माहीत नसताना माणूस कसा बसतो, ते गॅलरीच्या पाठीच्या कण्याला अजून आठवत होतं.

उत्तरार्धाच्या मध्यापर्यंत शून्य-शून्य. एवढ्यावर संपलं असतं तर ठराव तडीस गेला असता, शरयू घरी राहिली असती. पण तोफखान्याच्या गॅलरीतून जाळीवरून पेढ्यांचे बॉक्स येऊ लागले.

नागतळ्याच्या लोकांनी पहिले दोन बॉक्स खाल्ले. तिसऱ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘तळ गाठल्याबद्दल समस्त नागतळेकरांचं हार्दिक अभिनंदन. असेच पडून राहा.’

आबा मंडलिकांच्या तोंडात पेढा होता. तो गिळावा की थुंकावा हे ठरवण्यात त्यांचे काही क्षण गेले. त्यांनी तो थुंकला. मग ज्या माणसानं मारुतीच्या पाठीमागं स्वतः ठराव मंजूर करून घेतला होता तो माणूस खुर्चीवर चढला, डोक्यावरची टोपी काढून त्यानं मैदानात फेकली आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडला, “गाडा रे त्यास्नी! गाडा!”

ठराव तिथंच रद्द झाला. सूचक, अनुमोदक, सगळे जाळीला लटकले. कोल्हापूरला भूक सोसते, ऊन सोसतं, पराभवही सोसतो. डिवचलेलं सोसत नाही. तोफखान्याच्या गॅलरीत मात्र कमालीची शांतता होती. पाच किलो पेढ्यांत काम झालं होतं. ईर्षेची नोंद करणारी चकती अजून कुणी काढली नव्हती, पण नागतळ्याला जिंकायला कसं पेटवायचं हे तोफखान्याला चकतीशिवायच माहीत होतं.

मैदानात रुक्सानाला आपलं वय आठवत नव्हतं. तिनं डाव्या बाजूनं दोघींना मागं टाकलं आणि चेंडू थोडक्यात बाहेर मारला. पुन्हा आली. पुन्हा थोडक्यात बाहेर. आता दिग्विजयला दिसत होतं की तिसऱ्या वेळी तो बाहेर जाणार नाही.

तिला काढायचा हक्क त्याच्या हातात होता. बदली खेळाडू तयार उभी होती, कोवळी, घाबरलेली, अगदी ठरावाला साजेशी. बदलीची पाटी त्याच्या हातात होती आणि पाटीवर रुक्सानाचा नंबर लावून झाला होता. वर करायची तेवढी बाकी होती. पेठ काहीही ओरडो, पेठेला उद्या घरी परत जाऊन आपापली मुलं बघता येणार होती.

त्यानं गॅलरीकडं बघितलं. शरयू जाळीला दोन्ही हात घालून उभी होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती तोंड उघडं टाकून रुक्सानाकडं बघत होती, तीन वर्षांची असताना बघायची तशी. तिला पुढचं काहीही माहीत नव्हतं.

दिग्विजयनं पाटी खाली गवतावर ठेवली आणि तिच्यावर पाय दिला.

गोल त्यानं पूर्ण बघितला. रुक्साना आत वळली, दुखऱ्या गुडघ्यावर भार घेतला, चेहरा वाकडा केला आणि उजव्या पायानं, जो ती फक्त उभं राहायला वापरत असे, चेंडू उचलून मारला. भित्र्या गोलकीपरनं खरोखर उडी घेतली. तिच्या बोटांना लागून चेंडू आडव्या दांड्याखाली गेला आणि जाळी थरथरली. स्टेडियमबाहेरच्या भेळवाल्यानं घंटी वाजवायची थांबवली, तेही त्याला ऐकू आलं.

जिंकल्यावर लक्षात आलं की नागतळ्यानं गुलाल आणलेलाच नाही. हरायला येणारा माणूस गुलाल कशाला आणील? तोफखान्यानं मात्र पोती भरून आणला होता. त्यांनी मोठ्या मनानं अर्धा दिला. दोन्ही पेठा एकाच वेळी नाचल्या, एक जिंकली म्हणून आणि एक हरली म्हणून.

शरयू गर्दीतून वाट काढत आली. डोळे सोडून सगळी लाल. तिनं बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तिनं गळ्याकडं बोट दाखवलं आणि हसली. दिग्विजयनं मान डोलावली. रुक्सानाला खुर्चीवर बसवून दहा जणांनी उचललं होतं, आणि ती वरून ओरडत होती, “गुडघा, गुडघा, अरे गुडघा धरा कुणीतरी!”

*

निवडीच्या दिवशी तोफखान्यानं विचार करायला मिळणारा वेळही घेतला नाही. शरयू सरनोबत. आठवड्यानं ती दोन बॅगा घेऊन रस्ता ओलांडून गेली. मंजिरी दुभाजकापर्यंत गेली आणि तिथून परत आली.

दिग्विजयनं राजीनामा दिला. आबांनी तो वाचला आणि त्याच कागदावर भेळ घेऊन खाल्ली. “तोफखान्याला हरवणारा कोच सोडू व्हय आम्ही? पेठ जाळंल मला.” दुसऱ्यांदा दिला तेव्हा त्याच्या घरासमोर बँड आणून वाजवला. तिसऱ्यांदा मंजिरीच म्हणाली, “राहू दे. तिला कळलं तर रागावेल. त्या एका सामन्यासाठी गेलीय ती.”

हंगाम सुरू झाला. शरयू खेळली, मशीननं सांगितलं होतं तशी. दिग्विजय तोफखान्याचे सगळे सामने बघायचा, दूरच्या कोपऱ्यात बसून. ती दर सामन्याला एखादा गोल मारायची. सुंदर गोल. पेपरवाले लिहायचे, ‘अपेक्षेप्रमाणे’. घरी आल्यावर मंजिरी विचारायची, “कसा मारला?” तो सांगायला बसायचा आणि गडबडायचा. डावीकडून होता की उजवीकडून? पूर्वार्धात की उत्तरार्धात? दीड तास तिच्यावरून नजर हलवली नव्हती आणि हातात काही उरलेलं नसे. मुठीत धरून आणलेलं पाणी दारापर्यंत सांडून जावं तसं.

चहाच्या गाड्यावर मात्र रुक्सानाचा गोल रोज होत होता. गुडघ्याचा आवाज, भित्री गोलकीपर, आबांची टोपी. तिथं दिग्विजयला सांगताना एकही बारकावा चुकत नसे. तो सांगायचा, लोक हसायचे. आणि त्या सगळ्यात जाळीला हात घातलेली, तोंड उघडं टाकलेली एक मुलगी असायची. ती त्याला इतकी स्वच्छ दिसायची की वाक्य अर्ध्यावर सोडून तो चहा प्यायचा. मग दुसरा कुणीतरी गोष्ट पुढं नेत असे.

पावसाळ्यानंतर नागतळे-तोफखाना सामना आला. फळ्यावर अंदाज ठळक होता: तोफखाना, तीन-शून्य. विश्रांतीपर्यंत दोन झाले होते. दोन्ही शरयूचे. दिग्विजय रेषेबाहेर उभा होता. ते दोन गोल आत्ताच आपल्यातून निसटायला लागलेत हे त्याला कळत होतं.

उत्तरार्धात चेंडू त्याच्यापासून चार हातांवर बाहेर गेला. थ्रो-इन तोफखान्याचा. शरयू चेंडू घ्यायला आली. वाकून उचलला, जर्सीला पुसला. ती उंच झाली होती, की त्याला तसं वाटलं. हनुवटीवर नवा पुटकुळ्यांचा पट्टा. इतक्या जवळून त्यानं तिला पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. कॅमेरा दोघांवर फिरला.

तिनं चेंडू डोक्यावर धरला आणि त्याच्याकडं न बघता, सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पप्पा, जेवलासा काय?”

शिट्टी वाजली. पंच पळत आला. विरोधी प्रशिक्षकाशी संभाषण, पिवळं कार्ड. शरयूचं आयुष्यातलं पहिलं. तिच्या पत्रिकेत कार्डांच्या रकान्यात शून्य होतं. फळ्यावर क्षणभर काहीच उमटेना. तोफखान्याच्या गॅलरीतून कुणीतरी “आगं, ध्यान कुठं हाय तुझं?” म्हणून ओरडलं.

दिग्विजय जेवला नव्हता. त्यानं उत्तर दिलं असतं तर संभाषण पुढं चालवलं म्हणून तिला दुसरं कार्ड मिळून ती मैदानाबाहेर गेली असती. तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. पंचानं वहीत नंबर लिहिला, बाजूला झाला. चेंडूला डाव्या बाजूला चिखल लागलेला होता, तिच्या उजव्या मनगटावर करगोट्यासारखा काळा दोरा होता, सूर्य पश्चिमेच्या गॅलरीच्या पत्र्यावर होता आणि कुठूनतरी कांदाभज्यांचा वास येत होता.

शरयूनं चेंडू फेकला आणि धावत निघून गेली.